स्पर्धेच्या कॅटमरानचे बीम पुन्हा पुन्हा ढिले का पडतात : दोष शोधणे आणि दूर करणे

फॉर्म्युला १८, टॉर्नेडो किंवा तत्सम सुट्या होणाऱ्या कॅटमरानच्या (दोन अरुंद होडकी, म्हणजे हल, दोन आडव्या नळ्यांनी, म्हणजे बीमनी, जोडलेल्या शिडाच्या होडीच्या) मालकांची एक तक्रार ठरलेली असते. हंगामाच्या सुरुवातीला बीमचे बोल्ट नीट आवळलेले असतात आणि पहिल्या शर्यतींत होडी ठणठणीत वाटते. मग जोराच्या वाऱ्यात काही दिवस काढले की बीमच्या मुळाशी करकर सुरू होते, वाऱ्याआडच्या (वारा येतो त्याच्या उलट) बाजूचा श्राउड, म्हणजे डोलकाठीला बाजूने धरणारी तार, लोंबू लागतो, पुढची तार ताठ राहत नाही आणि वाऱ्याच्या रोखाने होडी पूर्वीइतकी वर चढत नाही. पाना घेऊन सगळे पुन्हा आवळले की आठवडाभर बरे वाटते आणि नंतर तेच चक्र सुरू होते. अशा होडीत दोष बोल्टचा क्वचितच असतो. बोल्ट ढिला पडतो, कारण त्याने जे दाबून धरले आहे ते त्याच्याखाली खचते, झिजते किंवा सरकते. त्यामुळे नेमके काय खचते आहे हे कळेपर्यंत पाना बाजूला ठेवलेला बरा.

आधी लक्षणे वेगळी करून घ्यावीत. वाऱ्याआडचा श्राउड काही प्रमाणात सैल पडणे स्वाभाविक आहे. डोलकाठी वाकते, तारा ताणल्या जातात आणि त्या बाजूचा ताण उतरतोच. संशय घ्यायचा तो हे सैलपण हंगामाबरोबर वाढत गेले तर. लाटांमध्ये दोन्ही हलची पुढची टोके एकाच लयीत वर-खाली न होता एकेकटी डुलत असतील, सरळ जातानाही सुकाणूचा दांडा कधी हलका तर कधी जड लागत असेल, बीमच्या बैठकीभोवती जेलकोटला (बाहेरच्या गुळगुळीत रेझिनच्या थराला) केसासारख्या चिरा असतील, तर सांगाडा पिळवटतो आहे असे धरून चालावे. बीम बैठकीला टेकतो त्या रेषेवर बोट फिरवून पाहावे. तिथे करडी-काळी, तेलकट वाटणारी भुकटी बोटाला लागली, तर ॲल्युमिनिअमचा बीम बैठकीवर घासतो आहे आणि ती भुकटी घासल्या गेलेल्या धातूची आहे. पांढरी, खरखरीत भुकटी असेल तर प्रकार निराळा आहे: कार्बन तंतूंची बैठक आणि ॲल्युमिनिअम खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटून राहिल्याने धातू गंजतो आहे. दोन्ही एकत्रही सापडतात, पण उपाय वेगवेगळे आहेत.

या सांध्यांवर किती भार येतो याचा अंदाज असणे आवश्यक आहे. फॉर्म्युला १८ वर्गाची होडी ५.५२ मीटर लांब, २.६० मीटर रुंद आणि कमीत कमी १८० किलो वजनाची असते. दोन खलाशी मिळून १५० किलोंचे आणि दोघेही ट्रॅपीझवर (डोलकाठीवरून आलेल्या तारेला कमरेने लटकून) बाहेर आहेत असे धरले, तर होडीला सरळ ठेवणारे बलाघूर्ण ढोबळमानाने ७०० किलोग्रॅम-मीटर येते. वाऱ्याकडचा श्राउड डोलकाठीच्या बुडापासून साधारण १.२ मीटरवर असतो, म्हणजे त्यावरचा ताण अर्ध्या टनाच्या आसपास जातो, आणि श्राउड, पुढची तार व मुख्य शिडाचा दोर यांचा एकत्रित दाब डोलकाठीवाटे पुढच्या बीमच्या मध्यावर उतरतो, तो सहज एक टन ओलांडतो. लाटेवर आपटण्याचे धक्के यात धरलेले नाहीत. मात्र सांधे ढिले करणारा खरा भार या सरळ दाबापेक्षा पिळाचा असतो. वाऱ्याआडच्या हलचे पुढचे टोक पाण्यात दाबले जाते, वाऱ्याकडचा हल मागे बसलेल्या खलाशांमुळे पुढून उचलला जातो, आणि दोन हल व दोन बीम यांची चौकट कर्णावर पिळली जाते. सांधे ढिले झालेल्या बाजेच्या एका कोपऱ्यावर बसले की कर्णापलीकडचा कोपरा उचलला जातो, तसाच हा प्रकार आहे. हा पिळ प्रत्येक लाटेला उलटसुलट होतो आणि ढिला सांधा प्रत्येक वेळी थोडा घासतो.

फॉइलवर (होडीला पाण्याबाहेर उचलणाऱ्या पाण्याखालच्या पंखांवर) चालणाऱ्या होड्यांत याची किंमत अधिक मोजावी लागते. समजा, पिळामुळे एका हलचे टोक दुसऱ्याच्या तुलनेत २.५ मीटरच्या अंतरात ३० मिलिमीटर खाली गेले, तर दोन हलच्या कोनांत सुमारे ०.७ अंशाचा फरक पडतो. फॉइलचे काम चालते तेच मुळी दोन-तीन अंशांत, त्यामुळे एका बाजूची उचल जवळपास पाव हिश्श्याने बदलू शकते आणि खलाशी मात्र सुकाणूच्या फॉइलचा कोन बदलत बसतो.

आता तपासणी. ती किनाऱ्यावर, डोलकाठी उतरवून करावी. उजवा हल पुढच्या आणि मागच्या बीमखाली अशा दोन गादीदार घोड्यांवर टेकवावा, डावा हल फक्त मागच्या बीमखाली टेकवावा आणि डावा पुढचा कोपरा मोकळा सोडावा. या मोकळ्या कोपऱ्यावर वजन टांगल्यावर सगळा सांगाडाच कर्णावर कलंडू पाहतो, म्हणून कर्णापलीकडचा उजवा मागचा कोपरा पट्ट्याने जमिनीशी बांधणे आवश्यक आहे. हे न करता घेतलेली मापे फेकून द्यावीत. मग मोकळ्या कोपऱ्याजवळ उभी पट्टी लावून वजने वाढवत जावे आणि प्रत्येक वजनाला कोपरा किती मिलिमीटर खाली गेला ते लिहावे. वजने उतरवतानाही तीच मापे पुन्हा घ्यावीत.

इथे एक गोम आहे आणि बहुतेकांची चाचणी तिथेच फसते. मोकळा कोपरा स्वतःच्या वजनानेच खाली लोंबत असतो, म्हणजे सांध्यातील फट एका बाजूने आधीच दाबली जाऊन बंद झालेली असते. मग वर कितीही वजन टांगले तरी ढिलाई दिसतच नाही आणि मालक म्हणतो, सांधे तर घट्ट आहेत. म्हणून त्या कोपऱ्याला ताणकाटा अडकवून वरच्या कप्पीवरून आधी तो उचलावा. सांगाड्याच्या वजनाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतका ताण काट्यावर दिसला की पिळ शून्यावर आला असे समजावे, आणि मापे या शून्याच्या दोन्ही बाजूंना, वर उचलताना आणि खाली सोडताना, घ्यावीत.

ती आलेखकागदावर मांडली की उत्तर बहुधा समोरच येते. शून्यातून जाणारी सरळ रेषा आली तर सांध्यात ढिलाई नाही. सांगाडा लवचीक असेल, पण ढिला नाही. शून्याजवळ पायरी आली, म्हणजे पहिल्या दोन किलोंतच कोपरा ८ मिलिमीटर सरकला आणि पुढच्या १८ किलोंत फक्त ५, तर कुठेतरी फट आहे. चढता आणि उतरता आलेख एकमेकांवर न बसता मध्ये जाडसर वळसा तयार होत असेल, तर सांधा घट्ट दिसत असला तरी भाराखाली घसरतो आहे. ढिलाई आणि लवचीकपणा या दोन वेगळ्या व्याधी आहेत. एकीवरचा उपाय दुसरीला लागू पडत नाही, आणि या दोन्हींची गल्लत हेच वारंवार केलेल्या दुरुस्त्या फुकट जाण्याचे सर्वांत मोठे कारण आहे असे माझे मत आहे.

फट आहे हे कळल्यावर ती चारपैकी कोणत्या सांध्यात आहे हे शोधणे सोपे आहे. बीम आणि डेक यांच्या सांध्यावर आडवी मास्किंग टेप चिकटवावी, सांध्याच्या रेषेवर ती पात्याने कापावी, कापाच्या दोन्ही कडांवर एकच पेन्सिल-रेघ ओढावी आणि कोपरा वर-खाली करायला लावून रेघेकडे भिंग धरून पाहावे. रेघ तुटून सरकली तर बीम बैठकीवर हलतो आहे. डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारा काटा) असेल तर उत्तमच, पण त्याची चुंबकी बैठक कार्बनलाही चिकटत नाही आणि ॲल्युमिनिअमलाही नाही, तेव्हा तो शिकंजाने धरावा लागतो. बीम आणि डेक एकमेकांच्या तुलनेत हलत नसून दोन्ही मिळून हलत असतील, तर खोट डेकच्या खाली आहे.

बैठकीची फट हा दोष सर्वाधिक आढळतो. साच्यातून निघालेली बैठक आणि कारखान्यातून आलेली नळी एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत; बीम तीन-चार उंचवट्यांवर टेकतो, बोल्ट ते उंचवटे दाबून धरतो आणि काही शर्यतींत ते झिजले की बोल्टचा ताण संपतो. उपाय म्हणजे बैठक बीमच्याच आकाराने नव्याने ओतणे. बैठकीवरचा रंग व मेण काढून ती ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडावी आणि ॲसिटोनने पुसावी. बैठक कार्बनची असेल तर तिच्यावर ग्लास कापडाचा एक पातळ थर आधी चढवावा, म्हणजे धातू आणि कार्बन यांचा थेट संपर्क तुटतो व पांढऱ्या भुकटीचा बंदोबस्तही त्यातच होतो. बीमला साच्याचे मेण चार-पाच वेळा चोळून चकाकी आणावी. काहीजण मेणाऐवजी पॅकिंग टेप गुंडाळतात. तसे करू नये, कारण टेप काढल्यावर तिच्या जाडीइतकी फट आपण स्वतःच सांध्यात सोडलेली असते. एपॉक्सीत कोलॉइडल सिलिका आणि दळलेले ग्लास तंतू घालून ते पात्यावरून गळणार नाही इतके दाट करावे, बैठकीच्या मध्यभागी जास्त व कडांना कमी असे भरावे, म्हणजे बीम बसताना हवा बाहेर ढकलली जाते, आणि बोल्ट फक्त बोटांनी फिरवून बसवावेत. बोल्टच्या आट्यांना मेण लावायला विसरल्यास पुढच्या वेळी ते ड्रिलने काढावे लागतील.

लेप ओला असेपर्यंतच सांगाडा सरळ करून घ्यायचा असतो. दोन्ही हलच्या मध्यरेषांमधील अंतर पुढे आणि मागे मोजावे, दोन्ही कर्ण मोजावेत, आणि पुढच्या व मागच्या बीमवर एकेक सरळ लाकडी पट्टी ठेवून मागून नजर लावावी. सुतार फळीचा पिळ ज्या रीतीने पाहतात तीच ही रीत. पट्ट्यांच्या वरच्या कडा समांतर दिसेपर्यंत घोड्यांखाली पाचरी सारत राहावे. लेप कडक झाल्यावर चारही सांधे याच स्थितीत गोठतात, त्यामुळे इथे घालवलेला तास वाया जात नाही.

आता आपल्या हवामानाविषयी. मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्यात हे काम काढल्यास एपॉक्सीवर मेणचट साय धरते आणि तिच्यावर चढवलेला पुढचा थर नंतर सुटतो; साध्या पाण्याने व घासणीने ती आधी धुवावी, कोरडे होऊ द्यावे आणि मगच पॉलिश पेपर मारावा. दुसरी बाब उन्हाची. नुसत्या खोलीच्या तापमानाला वाळलेली बहुतेक एपॉक्सी साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते, आणि उघड्या काळ्या कार्बनचे डेक उन्हाळ्याच्या दुपारी किनाऱ्यावर त्याहून अधिक तापू शकते. आवळलेल्या बोल्टखालचा लेप अशा वेळी हळूहळू चेपत जातो आणि संध्याकाळी बोल्ट ढिला सापडतो. होडी पाण्यात गेलीच नाही तरी बोल्ट ढिले पडले, अशी तक्रार ज्यांची असते त्यांनी इथेच शोध घ्यावा. ओतलेली बैठक कडक झाल्यावर तिच्याभोवती चादरींचा तंबू करून आत हीटर ठेवावा, थर्मामीटर लावून तापमान हळूहळू चढवावे आणि रेझिन बनवणाऱ्याने दिलेल्या तक्त्याप्रमाणे तिला शेक द्यावा. बैठकीच्या भागाला पांढरा रंग द्यावा आणि किनाऱ्यावर असताना होडी झाकून ठेवावी.

दुसरा दोष डेकच्या दोन थरांमधला फोमचा गाभा चेपण्याचा, आणि तो बहुधा दुरुस्तीच्या नावाखाली मालकच ओढवून घेतो. बोल्ट पुन्हा ढिला पडला म्हणून दर वेळी थोडा अधिक आवळायचा, या सवयीचा हिशेब करून पाहावा. ८ मिलिमीटरच्या बोल्टला २० न्यूटन-मीटर टॉर्क (आवळण्याचा जोर) दिला तर तो ढोबळमानाने साडेबारा हजार न्यूटन, म्हणजे सव्वा टनाच्या आसपास दाब देतो. घनमीटरला ८० किलो घनतेचा पीव्हीसी फोम सुमारे १.४ मेगापास्कलला चेपतो. ३० मिलिमीटर व्यासाच्या वॉशरखाली हा फोम असेल, तर तेवढ्या क्षेत्रावर तो स्वतः शंभर किलोसुद्धा पेलत नाही. वरचा कार्बनचा थर भार थोडा पसरवतो हे खरे, पण सव्वा टन आणि शंभर किलो यांतील दरी त्याने भरून निघत नाही. म्हणून बोल्टच्या जागी फोम असताच कामा नये. तिथे भरीव लॅमिनेट (रेझिनने एकमेकांवर चिकटवलेले कापडाचे थर) किंवा उच्च घनतेचा ठोकळा असावा लागतो. चांगल्या कारखान्यांत तसा असतोही. पण मालकाने नंतर छिद्र सरकवून पाडलेले असेल, तर बोल्ट त्या ठोकळ्याच्या कडेवर किंवा बाहेर पडलेला सापडतो.

याची खूण म्हणजे वॉशरभोवती बशीसारखा खोलगट भाग. एक रुपयाच्या नाण्याने बैठकीपासून बाहेरच्या दिशेने ठोकत जावे. शाबूत लॅमिनेटचा आवाज टणक येतो. जिथे तो बद्द होतो तिथून गाभा चेपलेला किंवा थर सुटलेला आहे. त्या हद्दीवर पेन्सिलने खूण करावी आणि वरचा थर तिथवर कापून काढावा. पाणी शिरलेला फोम पूर्ण निघेपर्यंत थांबू नये, ओल्या गाभ्यावर केलेली दुरुस्ती टिकत नाही. जागा कोरडी झाल्यावर भरीव लॅमिनेटचा ठोकळा एपॉक्सीत बसवावा, आणि वरचा थर जोडताना कडेला जाडीच्या निदान बारापट रुंदीचा उतार घासून घ्यावा. कार्बन घासताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत.

तिसरा दोष डोळ्यांआड असतो. बीमच्या बरोबर खाली हलच्या आत एक बल्कहेड, म्हणजे आडवी भिंत, असते. बैठकीवरचा भार तेच हलच्या भिंतींत पोहोचवते. त्याची कडेची पट्टी सुटली की डेक एकट्याने भार घेऊ लागते आणि बीम, बोल्ट, बैठक सगळे शाबूत असूनही कोपरा खाली बसतो. तपासणीच्या झाकणातून मोबाइलचा कॅमेरा आत घालून पट्टीची कड पाहावी, आणि त्याच वेळी बाहेरून कोणीतरी कोपरा हलवावा. सुटलेली कड उघडझाप करताना चित्रफितीत स्पष्ट दिसते. जुनी सुटी पट्टी वरून नवी पट्टी चिकटवून दाबू नये. ती सोलून काढावी, दोन्ही पृष्ठभाग खरवडावेत, कोपऱ्यात दाट एपॉक्सीची गोलाई भरावी आणि तिच्यावर ४५ अंशांत तंतू असलेल्या कापडाच्या पट्ट्या, प्रत्येक पुढची मागचीपेक्षा रुंद, अशा चढवाव्यात. पट्टी मुळात का सुटली याचे उत्तर बहुतेक वेळा एकच असते: हल जोडताना आतला पृष्ठभाग नीट खरवडलेला नव्हता. एका कोपऱ्यात हे सापडले तर उरलेले तीनही कोपरे उघडून पाहावेत.

बोल्टचा स्वतःचा दोष शेवटी पाहावा. आत नायलॉनची कडी असलेला नट दोन-तीनदा काढून लावला की त्याची पकड जाते, तो बदलावा. ॲल्युमिनिअममध्ये बसणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या बोल्टला गंजरोधक लेप लावावा. वॉशर मोठा आणि जाड असावा. याहून अधिक त्यात काही नाही.

आलेख सरळ आला, पण कोपरा फारच खाली गेला, तर मामला आराखड्याचा आहे. पिळाला तोंड देते ती बंद नळीची जाडी आणि त्याहून कितीतरी अधिक तिचा व्यास: पातळ भिंतीच्या गोल नळीचा पिळाविरुद्धचा ताठरपणा त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे भिंत तेवढीच ठेवून ८० मिलिमीटरचा बीम १०० मिलिमीटरचा केला तर तो जवळजवळ दुप्पट होतो. कार्बनच्या बीममध्ये सगळे तंतू लांबीच्या दिशेने घातले तर तो वाकण्याला ताठ आणि पिळाला मऊ निघतो. ४५ अंशांतले थर त्यासाठीच असतात. हलही पिळाला तेवढाच ताठ हवा. डेकला मोठमोठी झाकणे पाडली की बंद नळी उघडी पडते आणि ताठरपणा ढासळतो, तेव्हा दुरुस्तीच्या सोयीसाठी झाकणे वाढवताना हे ध्यानात ठेवावे.

बीम कायमचे चिकटवून टाकावेत का, हा प्रश्न साहजिकच येतो. ए वर्गाच्या कॅटमरानमध्ये ते बहुधा चिकटवलेलेच असतात, २.३० मीटर रुंदीची ती होडी मालवाहू कंटेनरच्या आतल्या सुमारे २.३५ मीटर रुंदीत अख्खी मावते, त्यामुळे तिला सुटे करण्याची गरजच पडत नाही, आणि कमीत कमी वजन ७५ किलो असलेल्या होडीत जे ताठरपण मिळते त्यात या सांध्यांचा वाटा मोठा आहे. २.६० मीटरच्या फॉर्म्युला १८ ला किंवा ३.०५ मीटरच्या टॉर्नेडोला ही सोय नाही. ज्याची होडी एकाच क्लबच्या किनाऱ्यावर राहते आणि कधी प्रवास करत नाही, त्याने चिकटवण्याचा विचार जरूर करावा, मात्र वर्गाचे नियम आधी वाचावेत. एकसारख्या होड्यांच्या काही वर्गांत असा बदल केल्यास मोजणीच्या वेळी होडी बाद होऊ शकते.

दुरुस्तीनंतर बोल्ट टॉर्क पान्यानेच, चारही कोपऱ्यांत आळीपाळीने, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत आणि नट व वॉशर यांवरून रंगाची एक बारीक रेघ ओढावी. पहिल्या जोरकस दिवसानंतर रेघ पाहावी. नट फिरला नसून टॉर्क मात्र उतरला असेल, तर खाली अजून काहीतरी चेपते आहे आणि नाणे पुन्हा हातात घ्यावे लागेल. नट फिरला असेल तर नट बदलावा. दोन्ही जागच्या जागी असतील, तर पिळाची चाचणी पुन्हा एकदा करून नवा आलेख जुन्याशेजारी वहीत लावून ठेवावा. पुढच्या हंगामात तुलनेला तोच उपयोगी पडतो.